डोळे आजीचे

मुलांना चेहरे काढायला शिकवायचं म्हटलं की मी आधी त्यांच्या पेन्सिली काढून घेते. पालकांना हे मुळीच पटत नाही. चित्रकलेच्या क्लासला पोर पाठवलं आणि बाई पेन्सिलच हिसकावून घेते, हा काय प्रकार, असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट लिहिलेलं असतं. मी तिकडे लक्ष देत नाही. प्रत्येकाच्या हातात एक आरसा देते, स्टेशनाबाहेर मिळतो तसला, गुलाबी कडेचा, आणि फर्मान सोडते, "रागवा!"

मग खांदेश्वरच्या आमच्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये जे काही चालतं ते बघण्यासारखं असतं. शौनक दातओठ खातो आणि आपल्या पार्किंगमध्ये दुसऱ्याची गाडी दिसल्यावर त्याचे बाबा जे बोलतात तेही बोलून दाखवतो. अबोली नाकपुड्या फुगवते आणि स्वतःलाच बघून खिदळत सुटते. "आता हात लावून बघा," मी ओरडते. "भुवया कुठे गेल्या? ओठ कुठे गेले? गाल घट्ट झाले की सैल?" बोटांना कळलं की मगच पेन्सिल परत मिळते. चेहरा आधी स्वतःच्या चेहऱ्यावर काढायचा, मग कागदावर. ही माझी पद्धत आणि पद्धतीच्या बाबतीत मी हट्टी आहे. हट्टी, फटकळ आणि बिनलग्नाची. सुमेधा टीचरला हळदीकुंकवाला बोलवायचं की नाही, हा प्रश्न सोसायटीतल्या बायकांना दरवर्षी पडतो आणि दरवर्षी त्या तो न सोडवताच मोकळ्या होतात.

भिंतीवर माझा तक्ता टांगलेला असतो. सहा चौकोन, सहा चेहरे. आनंद, दुःख, राग, भीती, आश्चर्य आणि किळस. किळसेला मुलं 'कारलं' म्हणतात. शाळेत नोकरीला होते तेव्हापासून हाच तक्ता चालत आलाय, आणि या सहांत न बसणारा चेहरा मला तोवर कोणी दाखवलेला नव्हता. निदान माझी तशी समजूत होती.

भाविका घरत रस्त्यापलीकडच्या गावातून येते. गाव म्हणायचं ते जुन्या सवयीने. त्यांच्या भातशेतीवर आमच्या सोसायट्या उभ्या राहिल्या आणि त्यांच्या कौलारू घरांच्या जागी चार मजली इमारती आल्या, खाली गाळे, वर भाडेकरू आणि मधल्या मजल्यावर घरची माणसं. तिच्या वडिलांचे, केतनचे, ट्रेलर न्हावा शेवाहून कळंबोलीला माल वाहतात. माणूस दांडगा, गळ्यात जाड चेन, आवाज असा की फोन नसता तरी चाललं असतं. पोरगी मात्र सात वर्षांची आणि अगदी गप्प. बोलते कमी, बघते फार. असली मुलं मला मनापासून आवडतात आणि ते मी त्यांना कळू देत नाही.

गणपती जवळ आले होते. क्लास सुटला, सगळी पोरं पळाली, भाविका आरसा हातात धरून तशीच बसून राहिली.

"टीचर, एकच तोंड काढायचं. पन आली तेव्हा ते हसत पायजे आनि जाताना रडत पायजे. कसं काढायचं?"

"कोण आली?"

"गौर."

आमचं मूळ वाईचं. आमच्याकडे गौरी दोन, उभ्या, पितळी मुखवट्यांच्या. मुखवटे पिढ्यान्‌पिढ्या तेच, ते कोणी काढत-बिढत नाही, चिंचेने घासतात. भाविकाने मला त्यांची रीत समजावली. तेरड्याची झाडं मुळासकट आणायची, त्यांची जुडी बांधायची, तिला साडी नेसवायची आणि वर कागदावर काढलेला चेहरा लावायचा. तो चेहरा दरवर्षी गोजराआजी काढते. ही गोजराआजी म्हणजे केतनची आत्या. येताना गौर हसते, तिसऱ्या दिवशी निघते तेव्हा तिचा चेहरा रडवेला होतो, असं घरातली सगळीच म्हणतात.

"मग यंदाही आजीच काढेल की."

"तिचा हात हलतो आता. पानी पिताना पन सांडतं." भाविकाने आपला हात हलवून दाखवला. "पप्पांनी पनवेलहून मुखवटा आनलाय. खोक्यात. फ्रिजवर ठेवलाय."

"मग प्रश्न मिटला."

तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जशी मी चुकीच्या जागी नाक काढणाऱ्या मुलाकडे पाहते. "मग आजी काय करनार?" ती म्हणाली.

मला वाटलं, पोरीला आजीचं कौतुक आहे, दुसरं काय. त्या प्रश्नाच्या आत काय आहे हे मी विचारलंसुद्धा नाही, कारण चित्रकलेचा प्रश्न मला फार आवडला होता. "हे बघ," मी म्हटलं, "एका चेहऱ्यावर दोन भाव बसत नाहीत. तू दोन कागद काढ. एक येतानाचा, एक जातानाचा. तिसऱ्या दिवशी बदलून टाकायचा." घरी दोन गौरी पाहत वाढलेल्या बाईला दोन कागदांत वावगं ते काय वाटणार!

आम्ही दोघींनी त्यावर जीव तोडून काम केलं. हसताना गाल वर येतात आणि खालची पापणी ढकलतात. रडताना भुवयांची आतली टोकं वर चढतात, हनुवटीला सुरकुती पडते. भाविका आरशात बघून रडायची, कागदाकडे बघून थांबायची, पुन्हा रडायची. जातानाच्या गौरीच्या गालावर मी तिला दोन निळे थेंबही काढायला लावले. दोन्ही कागद इतके सुरेख उतरले की मी ते दिवसभर मनातल्या मनात मिरवत होते.

मग भाविकाच्या आईचा, प्रेमलाचा, फोन आला. "टीचर, जरा घरी येता का? पोरीनं घोटाला केलाय."

गेले. हॉलमध्ये गणपतीच्या मखराला थर्माकोलऐवजी पुठ्ठा लावायचं काम अर्धवट पडलं होतं. दोन्ही कागद टीपॉयवर ठेवलेले. कोपऱ्यात खुर्चीवर एक किरकोळ म्हातारी बसली होती, पांढरट लुगडं, दोन्ही हात पदराखाली. तीच गोजराआजी. मला बघून ती जराशी हसली आणि लगेच बाजूला सरकली, जणू खुर्चीवर मलाही बसायचं होतं.

प्रेमला मला स्वयंपाकघरात घेऊन गेली. चहा टाकता टाकता हळू आवाजात बोलली. "टीचर, आमची गौर एकच असते. एकदा बसली की तिचं तोंड बदलायचं? अवो, असं कुटं असतं का? आनि ते रडकं तोंड! मी उरनहून लगीन होऊन इकडं आले ना, आईसमोर हसत निघाले. एक टिपूस काढला नाय. रडले ते जासईच्या फाट्यावर, आनि मग पनवेलपर्यंत थांबले नाय. माहेरातनं जाताना कोन रडकं तोंड दाखवतं?"

मी ओशाळले. दोन गौरींचं माझं शहाणपण तिच्या एका गौरीला मी चिकटवलं होतं. "चूक माझी आहे," मी म्हटलं. "पोरीला बोलू नका. आणि तो खोक्यातला मुखवटा आहे ना, तो लावा की सरळ."

प्रेमलाने गॅस बारीक केला. "तेच तर. मुखवटा लावला की आत्याचं काय उरलं?"

मग तिने सांगितलं. गोजरा लग्न होऊन गेली आणि वर्षाच्या आत नवरा वारला. माहेरी आली ती कायमची. तेव्हापासून गौरीच्या सणात तिने हात लावायचा नाही, असं ठरून गेलं. गौर आणायला जायचं नाही, तिचे पाय धुवायचे नाहीत, ओटी भरायची नाही. "आता आमी कोन पाळतो? मी दरवर्षी म्हन्ते, आत्या, या, ओटी भरा. तीच ऐकत नाय. मागं मागं सरकते. कागद तेवढा तिचा. कागद असतो तवर तो देव नसतो ना. तोंड काढते, कपालावर कुंकवाची जागा मोकली सोडते, ते कुंकू मी लावते. आनि मग ती जी आत जाऊन बसते, ती गौर जाईपर्यंत हॉलमधे येत नाय."

भाविकाच्या 'मग आजी काय करणार' या प्रश्नाचा अर्थ मला तेव्हा समजला. मला फार वाईट वाटलं आणि वाईट वाटलं की मला राग येतो. कोणावर काढावा ते कळेना, म्हणून मी चहा कढत असतानाच घोटला आणि जीभ पोळून घेतली.

बाहेर आलो तर भाविका फरशीवर पालथी पडून नवा कागद घेऊन बसली होती. मी प्रेमलाच्या मोबाइलवर आजीने काढलेल्या जुन्या गौरींचे फोटो मागून पाहिले. मूळ कागद कुठले सापडणार, ते दरवर्षी तेरड्याबरोबर पाण्यात जातात. फोटो मोठे करून करून बघितले. साधं नाक, साधे ओठ, काजळाने भरलेले डोळे. माझ्या तक्त्यातल्या कुठल्याही चौकोनात ती बाई बसेना. त्या चेहऱ्यात हसूही नव्हतं, रडूही नव्हतं. मग येताना ती हसते आणि जाताना रडते, हे घरातल्यांना दिसतं तरी कुठे? मी वैतागून फोन परत दिला.

भाविकाने चेहऱ्याची कड काढली. आरशात बघितलं, ओठ किंचित ताणले, बोटाने कोपरे चाचपले आणि तेवढेच कागदावर काढले. नाकात नथ घातली. भुवया रेखल्या. कपाळावर कुंकवाची जागा न विसरता मोकळी सोडली. डोळ्यांची जागाही मोकळीच ठेवली आणि कागद उचलून आजीच्या पुढ्यात पाटावर ठेवला.

"डोले आजीचे," ती म्हणाली.

गोजराआजीने हात पदरात आणखी आत ओढले. "नको गो बाय. हात ऱ्हात नाय माझा. वाकडं झालं तर तुझी मेहनत फुकट जाल." आणि तिने एकदा फ्रिजवरच्या खोक्याकडे बघितलं. "तो हाय ना आनलेला. चांगला हाय तो."

भाविकाने वाद घातला नाही. देवघरातून काजळाची डबी आणली, घरी तुपाच्या ज्योतीवर धरलेलं काजळ, त्यात कापूस गुंडाळलेली काडी. डबी उघडून पाटावर ठेवली आणि आजीसमोर मांडी घालून बसून राहिली.

शेवटी आजीचा उजवा हात बाहेर आला. तो खरोखरच थरथरत होता, मनगटापासून बोटांपर्यंत. मी सवयीने पुढे झाले. "आजी, मी मनगट धरते, तुम्ही फक्त..."

"टीचर, नको," भाविका म्हणाली. माझ्याच क्लासमध्ये मला कोणी असं गप्प केलं असतं तर मी त्याला बाहेर उभं केलं असतं. इथे मी मुकाट्याने मागे सरकले.

आजीने वरची पापणी काढली. ती त्यातल्या त्यात बरी आली. खालची काढताना हात फारच हलला. रेघ सरळ येईना, ती थरथरत, जाड-बारीक होत, एकदा सुटून पुन्हा जोडली गेली. दुसरा डोळाही तसाच. बुबुळाच्या कडेला काजळ फुटलं आणि तिथे नकळत एक पांढरी फट राहिली. आजीने काडी खाली ठेवली. "बिघडलं," ती पुटपुटली आणि हात पुन्हा पदराखाली गेला.

माझ्या हातात खोडरबर होतं. ते कधी आलं मला माहीत नाही, बोटांना सवय असते. काजळ खोडरबराने जात नाही, पसरतं, हेही मला माहीत होतं. तरी मी वाकले, आणि कागदाकडे नीट बघितल्यावर वाकलेलीच राहिले.

गौरीचे डोळे भरून आले होते.

थेंब नव्हता, काही नव्हतं. ती खालची थरथरती रेघ आणि ती पांढरी फट, एवढ्यानेच पापणीच्या काठावर पाणी उभं राहिल्यासारखं दिसत होतं, आणि खाली भाविकाने काढलेले ओठ हसत होते. आयुष्यभर मी मुलांना रडणं म्हणजे निळा थेंब असं शिकवत आले. मला माझ्या तक्त्याची लाज वाटली आणि मी खोडरबर पर्समध्ये टाकलं.

तेवढ्यात केतन आला. चपला काढता काढता त्याचं बोलणं चालूच होतं, कळंबोलीला ट्रॅफिक, ड्रायव्हर आला नाही, टेन्शन. पाटावरचा कागद बघून तो थांबला. आजीने मान खाली घातली. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. आता हा खोका काढणार, आणि मग मी याला काय काय बोलणार, याची मी मनात जुळवाजुळव करत होते.

"ही रडतंय का हसतंय?" त्याने विचारलं.

"पप्पा, ती आत्ता आलीय ना," भाविका म्हणाली. "वर्सानं आली."

केतन कागदापाशी वाकला. मग फ्रिजवरचा खोका काढून त्याने बायकोच्या हातात दिला. "परत देऊन येतो उद्या. बिल कुटं हाय बघ." आणि आजीजवळ जाऊन म्हणाला, "आत्या, यंदाची लय भारी झाली." आजीने पाट आपल्याकडे ओढून घेतला आणि काजळावर कोणाचा हात पडू नये म्हणून जेवणाच्या वेळेपर्यंत तशीच राखण करत बसली.

गौर आली त्या दिवशी मला जाता आलं नाही. निघण्याच्या दिवशी प्रेमलाने मुद्दाम बोलावलं, आणि हळदीकुंकू लावताना जराही अडखळली नाही. हॉल बायकांनी भरला होता. तेरड्याची गौर हिरव्या साडीत, मोकळ्या कपाळावर आता मोठं कुंकू. बायका तिला बघून एकमेकींना सांगत होत्या की आली तेव्हा कशी खुललेली होती, आणि आज बघा. मी जवळ जाऊन बघितलं. कागद तोच होता, काजळ तेच. माझ्या डोळ्यांदेखत काढलेला चेहरा होता तो, आणि मी शपथेवर सांगते, तो उतरला होता.

खाली मिरवणुकीचा बेंजो वाजायला लागला. प्रेमलाने गौर उचलली, तिला सगळं घर दाखवून आणलं आणि दारापाशी आली. उंबऱ्यावर तिने सहज खाली बघितलं, गौरीच्या तोंडाकडे, आणि तिचा पाय उचलला गेला नाही. मग ती वळली आणि गर्दीतून वाट काढत सरळ स्वयंपाकघराच्या दाराशी गेली. दारामागे गोजराआजी उभी होती, दरवर्षी उभी राहते तशी.

"आत्या, भेटा तिला," प्रेमला म्हणाली. "पोर निंगाली."

आजी मागे सरकली. मागे ओटा होता. आणखी सरकायला जागाच नव्हती.  केतनने खिडकीतून खाली हात केला आणि बेंजो थांबला. भाविका आजीच्या लुगड्याला धरून उभी होती. ती आजीच्या तोंडाकडे बघत होती, आरशात बघते तशी.

आजीचा हात पदरातून बाहेर आला. थरथरत वर गेला आणि गौरीच्या गालाला लागला, डोळ्याच्या खालच्या कडेला, लेकीचे डोळे पुसावेत तसा. "जा गो माझी बाय," ती म्हणाली. "सुखान ऱ्हा. पुढल्या वर्षाला ये." हे सगळं ती हसत म्हणत होती. हसताना ओठांचे कोपरे वर गेले होते आणि खालच्या पापण्या काठोकाठ भरल्या होत्या, आणि भाविकाने मला कोपराने ढोसून कुजबुजत सांगितलं, "टीचर, तुमचे पन भरलेत."

गौर गेली. बेंजो दूर गेला. बायका पाठोपाठ उतरल्या आणि घरात आम्ही तिघीच राहिलो. आजीने आपलं बोट उजेडात धरून बघितलं. त्याला गौरीच्या डोळ्यातलं काजळ लागलं होतं. मला वाटलं, आता ती ते पदराला पुसणार. तिने भाविकाला जवळ ओढलं, तिचे केस बाजूला केले आणि ते काजळ तिच्या कानामागे लावलं, दृष्ट लागू नये म्हणून.